बटाट्याची मर, दोन गोण्या आणि एक भांडण

नाशकात आमची छोटी लॅब आहे, झाडांचे रोग तपासून देतो. बहुतेक काम द्राक्ष आणि टोमॅटोचं, बटाटा क्वचितच. त्या दिवशी सिन्नरकडचे एक काका सकाळीच आले, हातात उपटलेली झाडं, मागून बेण्याचा दुकानदार आणि दोघांचं भांडण गेटपासूनच चालू. काकांचं म्हणणं की पंजाबचं बेणं म्हणून पैसे घेतले आणि रोगट माल दिला, अख्खा प्लॉट बसला. दुकानदार म्हणे माझा माल घेतलेल्या बाकीच्यांचे प्लॉट जाऊन बघा.

काकांनी करपा समजून फवारण्यांवर फवारण्या केल्या होत्या. पण करप्यात पानावर डाग दिसतात, इथे पानं हिरवीगार आणि झाड मान टाकलेलं. खोडाचा तुकडा कापून स्वच्छ पाण्याच्या ग्लासात धरला तर थोड्या वेळात खालून दुधासारखे पांढरे धागे सुटायला लागले. हे राल्स्टोनिया, म्हणजे बॅक्टेरियाची मर, आपल्याकडे बांगडी म्हणतात तो रोग. काका एकदम गप्प, मग म्हणाले, मॅडम एवढी औषधं मारली ती कुठे गेली? बुरशीनाशकं बॅक्टेरियावर चालत नाहीत हो काका.

आता खरा प्रश्न, हा आला कुठून? बोलता बोलता कळलं की लागवडीत निम्मं बेणं दुकानदाराचं आणि निम्मं काकांनी घरी राखलेलं, दोन्हीच्या शिल्लक गोण्या घरी पडून. वरून सगळे बटाटे ठणठणीत. आत जंतू कमी असले तर बटाटा कापूनही तपकिरी कडं दिसत नाही, म्हणून डीएनए बघावा लागतो. युरोपात 25 टनाला 200 बटाट्यांचं सॅम्पल घेतात, आम्ही तोच आकडा धरला, दोन्ही गोण्यांतले 200-200 बटाटे. प्रत्येकाचा देठाकडचा छोटा तुकडा कोरून काढायचा, कारण जंतू झाडातून बटाट्यात तिथूनच उतरतो. हात दुखून आले.

पीसीआर लावला, म्हणजे जंतूचा डीएनए असेल तर त्याच्या असंख्य प्रती करणारी टेस्ट. त्या प्रती जेलच्या पातळ वडीवर पट्ट्यासारख्या दिसतात. जेल बघितलं तर दोन्ही सॅम्पल कोरी. दुकानदार बाहेर फोनवर "निगेटिव्ह आलं" सांगायला लागला पण मी थांबवलं, कारण बटाट्याच्या अर्कात मुद्दाम राल्स्टोनियाचा डीएनए टाकलेली एक ट्यूब असते ती पण कोरी होती. म्हणजे जंतू नाहीत असं नाही, रिॲक्शनच चालली नव्हती. बटाट्यातला स्टार्च वगैरे डीएनएच्या प्रती करणाऱ्या एन्झाइमला काम करू देत नाही. असा रिपोर्ट कुणी दिला तर तो रद्दी आहे, कितीही गोल शिक्का मारा. अर्क दहापट पातळ करून परत लावला. या वेळी दुकानदाराच्या बेण्याची लेन, म्हणजे जेलवरची त्या सॅम्पलची रांग, कोरी, मुद्दाम डीएनए टाकलेली ट्यूब चमकलेली, आणि घरच्या बेण्याच्या लेनमध्ये साधारण 280 बेस पेअरवर, म्हणजे राल्स्टोनियाच्या डीएनए तुकड्याच्या लांबीवर, ठसठशीत बँड (पट्टा).

काकांचा पुतण्या बीएस्सी ॲग्री, तो म्हणाला डीएनए तर मेलेल्या जंतूचा पण दिसतो. मुद्दा शंभर टक्के बरोबर, मला आवडला पोरगा. मग घरच्या बटाट्यांचा अर्क जंतू वाढवायच्या प्लेटवर लावला, काही दिवसांनी पांढऱ्या, चिकट, मध्ये गुलाबी अशा वसाहती आल्या. जिवंतच होते.

तरी दुकानदाराच्या बेण्याची झाडं का गेली हे काकांना पटेना. मी विचारलं लागवडीसाठी बटाट्याच्या फोडी कशा केल्या? एकाच कोयत्याने, सगळ्या एकत्र बसून. रोगट बटाटा कापला की पुढच्या फोडींना जंतू लागलाच, वर पाटाचं पाणी सगळीकडे फिरणार. प्लॉटमध्ये आता काही वर्षं बटाटा, टोमॅटो, वांगी, मिरची काहीच नको सांगितलं, मका किंवा कांदा करा. घरच्या गोण्या शेतात किंवा उकिरड्यावर टाकू नका हे दोनदा सांगितलं, कारण लोक तेच करतात.

काकांनी दुकानदाराची माफी वगैरे काही मागितली नाही, फक्त "चहा घेणार का" एवढं विचारलं. दुकानदाराने रिपोर्टची झेरॉक्स मागितली आणि हळूच विचारलं, एका लॉटला किती घेता? रेट सांगितला तर म्हणे, मॅडम, एवढ्यात माझ्या दोन गोण्या बेणं येतं.