फोन मेला नव्हता

सकाळी गजर वाजलाच नाही. उशाशी फोन काळाठिक्कर. बटण दाबलं, मग आणखी जोरात दाबलं (जोराने काय होणार होतं देव जाणे), फोन ढिम्म. चार्जर लावला तरी बॅटरीचं चित्रसुद्धा उमटेना.

बायकोच्या फोनवरून रिंग दिली. कधीकधी फोन चालू असतो, फक्त स्क्रीन गेलेली असते. तेव्हा निदान थरथर जाणवते. इथे तीही नाही. पॉवर आणि आवाज कमी करायचं बटण एकत्र २० सेकंद दाबून धरलं. शून्य.

टॉर्च मारून चार्जिंगच्या खाचेत डोकावलो, तर तळाशी खिशातल्या धाग्यांचा करडा बोळा, घट्ट दबून बसलेला. लाकडी टूथपिकने हलकेच उकरला. टाचणी मी घालत नाही, आतले संपर्कबिंदू खराब होतात. आता कुठे केबल 'टक्' करून पूर्ण बसली.

तरी काळोखच. पूर्वी मी इथेच हात टेकायचो. पण लिथियम-आयन बॅटरी पार तळाला गेली की सुरुवातीला तिला अगदी थोडाथोडा करंट मिळतो. स्क्रीन पेटवण्याइतकी धुगधुगी यायलाही वेळ लागतो. फोनची पाठ फुगलेली नाही ना, हे चाचपलं (फुगली असती तर चार्जर तिथेच काढला असता) आणि दाढी करायला गेलो.

अर्ध्या तासाने पाहिलं. १ टक्का. आणि ऑफिसचे सात मिस्ड कॉल.