शिट्टी नसलेल्या कुकरची वाफ

आमच्या घरी इलेक्ट्रिक कुकर हौसेने आला नाही. सासूबाईंना ऐकू कमी येऊ लागलं आणि दुपारच्या शिट्ट्या मोजायला घरात कुणी उरलं नाही, म्हणून तो आला. मी साडेनऊला ऑफिसला निघते. वरणभाताचा कुकर त्यानंतर आईच लावायच्या. कानाचं मशीन आहे, पण ते घातलं की पंखासुद्धा विमानासारखा वाजतो म्हणे, त्यामुळे ते बहुतेक वेळा डबीत असतं. एकदा किती शिट्ट्या झाल्या कुणास ठाऊक, पाणी आटलं, तळ काळा पडला आणि खालच्या मजल्यावरच्या काकू जळका वास आला म्हणून धावत वर आल्या. दुसऱ्यांदा सेफ्टी व्हॉल्व्ह वितळला. तिसऱ्यांदा काय होईल याची वाट न बघता नवऱ्याने सहा लिटरचा इलेक्ट्रिक कुकर मागवला. बटण दाबायचं, मिनिटं लावायची, आपोआप बंद. शिट्टी नाही, मोजणं नाही. प्रश्न मिटला असं आम्हाला वाटलं.

पहिल्याच रविवारी कळलं, की मिटला नव्हता, त्याने फक्त जागा बदलली होती.

त्या दिवशी जेवायला आठ माणसं होती. आम्ही कुकरात नेहमी भांडी लावतो, खाली डाळ, वर तांदूळ. पण नवीन यंत्र, मोठं भांडं, म्हणून मी तुरीची डाळ थेट त्याच्या आतल्या भांड्यातच घातली. हळद, हिंग, थोडं तेल, आणि पाणी जुन्या सवयीने सढळ हाताने. भांड्याच्या आत डाळींसाठी अर्ध्यावर एक खूण असते. ती मला दिसली होती, पण आठ माणसांचं वरण त्या खुणेच्या खाली मावेना. दहा मिनिटं लावली. वेळ झाली, पीं-पीं वाजलं. पाहुणे बाहेर बसलेले, पापड तळून झालेले. मी झाकणावरची कळ चमच्याच्या दांड्याने फिरवली.

पहिले चार-पाच सेकंद नुसती पांढरी वाफ आली, जोरात, सरळ वर. मग आवाज बदलला. फुस्सऐवजी थुर्रथुर्र सुरू झालं आणि वाफेचा रंग पिवळा झाला. वरच्या कपाटाच्या तळाला, टाइल्सना, मागच्या प्लगच्या बोर्डाला आणि माझ्या मनगटाला डाळीचे शिंतोडे. मी कळ परत फिरवून बंद केली, आणि त्या सकाळी मी केलेली ती एकमेव शहाणपणाची गोष्ट. आई तुपाची बरणी घेऊन आल्या, मी मात्र मनगट नळाखाली धरून वीस मिनिटं उभी राहिले. भाजल्यावर लगेच तूप, टूथपेस्ट काही लावायचं नसतं, नुसतं गार वाहतं पाणी, एवढं मला ऑफिसातल्या प्रथमोपचाराच्या वर्गामुळे माहीत होतं. फोड आला नाही. आई शेजारी उभ्या राहून म्हणाल्या, "अगं, वाफ जिरू द्यायची ना! घाई कसली एवढी?"

रात्री पुस्तिका उघडून वाचली. त्यात ज्याला 'नॅचरल रिलीज' म्हटलंय ते म्हणजे आईंचं वाफ जिरू देणं. आणि 'क्विक रिलीज' म्हणजे नवरा ऑफिसच्या घाईत सांडशीने शिट्टी उचलायचा, ते.

तरी एक शंका राहिलीच. जुन्या कुकरची शिट्टी उचलून मी शेकडो वेळा वाफ काढली असेल, तेव्हा असा कारंजा कधी उडाला नाही. मुलगा बारावी सायन्सला आहे. त्याने वहीच्या मागच्या पानावर गणित मांडून दाखवलं. आपल्या गॅसवरच्या कुकरची शिट्टी म्हणजे एक वजन. आतला दाब साधारण एक किलो प्रति चौरस सेंटिमीटर झाला की ते वजन उचललं जातं आणि जास्तीची वाफ निघून जाते. म्हणजे शिजतानाच तो थोडी थोडी वाफ सोडत राहतो, आणि फार घाई असेल तर अख्खा कुकर उचलून नळाखाली धरता येतो. इलेक्ट्रिकमध्ये दाब भरला की तापणंच थांबतं, कमी झाला की पुन्हा सुरू होतं. शिजताना वाफ बाहेर जवळजवळ पडतच नाही, ती सगळी शेवटपर्यंत आत. आणि नळाखाली धरायची सोय तर नाहीच, बुडाशी वायरिंग आहे.

पुढचं मला जास्त पटलं. आमच्या कुकरच्या पुस्तिकेत दाब ७० किलोपास्कल लिहिलाय, म्हणजे आतलं पाणी साधारण ११५ अंशांवर. तेवढ्या दाबाखाली ते उकळत नाही. कळ उघडून दाब अचानक काढला, की १०० च्या वरचं ते सगळं पाणी तळापासून एकदम उसळतं. फक्त वरचं नाही, डाळीच्या कणाकणाभोवतीचं. म्हणून फेस. दोन लिटर पाणी धरलं तर त्यातलं जेमतेम पन्नास-पंचावन्न मिली वाफ होऊन निघतं, अर्धी वाटीसुद्धा नाही. पण त्याची वाफ होते नव्वद लिटरच्या वर. अंघोळीच्या चार-पाच बादल्या! ती सगळी दीड-दोन मिनिटांत एका बोटभर भोकातून बाहेर येणार. बरोबर फेस आला तर डाळही येणार.

हे कळल्यावर माझं लक्ष कपाटाकडे गेलं. आमचा ओटा भिंतीला लागून आणि वर प्लायवूडची कपाटं. पहिला महिनाभर कुकर त्या कपाटांच्या बरोबर खाली होता, कारण प्लग तिथे. रोजची वाफ सनमायकाच्या खालच्या कडेत शिरत होती. एक दिवस दार लागेना म्हणून बघितलं तर कोपरा बिस्किट चहात बुडवल्यासारखा फुगलेला. सुताराने बोटाने दाबून बघितलं आणि "हे आता बसत नाही, दारच बदला" म्हणाला. भाव ऐकून आम्ही दार तसंच ठेवलंय.

मग जागेचा शोध. नवऱ्याचं म्हणणं, चिमणीखाली ठेवू, वाफ ओढून घेईल. चिमणीखाली म्हणजे गॅसच्या शेगडीवर. आईंनी एका वाक्यात तो बेत मोडला: "आणि चुकून कुणी बटण फिरवलं तर?" बरोबर होतं. प्लॅस्टिकच्या बुडाचं यंत्र बर्नरवर ठेवायचं आणि घरातल्या पाच जणांच्या लक्षात राहील यावर विश्वास टाकायचा, हे काही खरं नाही. ऑनलाइन एक रबरी नळीचा वाकडा तुकडा मिळतो, कळीवर बसवला की वाफ आडवी जाते. नणंदेने हौसेने ड्रॅगनच्या तोंडाचा पाठवला होता. पण पुस्तिकेत कळीवर काहीही ठेवू नका, अगदी ओलं फडकंसुद्धा नाही, असं स्पष्ट लिहिलंय. तो ड्रॅगन सध्या फ्रीजवर बसलेला असतो.

शेवटी कुकर ड्राय बाल्कनीच्या दाराशी, ओट्याच्या टोकाला गेला. वर मोकळं छत, शेजारी खिडकी. तिथे साधा पाच-सहा अँपिअरचा प्लग होता. कुकर १००० वॅटचा, म्हणजे साडेचार अँपिअरसुद्धा ओढत नाही, तेव्हा वायरमनने चालेल म्हणून सांगितलं. एक्स्टेंशन बोर्ड मात्र नको म्हणाला. वाफेचं भोक खिडकीकडे, प्लग पाठीमागे.

आता कशाची वाफ जिरू द्यायची आणि कशाची काढायची, हे शिकायला दोन महिने गेले. बटाटे, अंडी, फ्लॉवर, कॉर्न यांच्यासाठी लगेच कळ फिरवते, नाहीतर आतल्या गरमीत ते शिजतच राहतात आणि फ्लॉवरचा गिचका होतो. यांच्यात नुसतं पाणी असतं, उसळलं तरी पाणीच उसळतं. छोले, राजमा, वाटाणे यांना हात लावायचा नाही. एकदा घाईने काढली तर निम्म्या छोल्यांच्या साली सुटून वर तरंगत होत्या. मटणालाही जिरवलेलीच वाफ बरी, मऊ राहतं. दुधाचं किंवा खिरीचं काहीही असेल तर कळ फिरवायचा विचारसुद्धा करायचा नाही. भाताला दहा मिनिटं थांबायचं आणि मग उरलेली काढायची. तीही एकदम नाही. कळ अर्धा सेकंद उघडायची, बंद करायची, आवाज ऐकायचा. कोरडा फुस्स आला तर पुढे जायचं, थुर्र आला तर थांबायचं.

वरण आम्ही पुन्हा भांड्यांतच लावायला लागलो. खाली दीड पेला पाणी, त्यावर डाळीचं भांडं, वर भाताचं. डाळीचा फेस तिच्या भांड्यातच राहतो, कळीपर्यंत पोचत नाही. थेट घातलेलं भरलं भांडं जिरायला अर्धा तास लागायचा, हे बारा-पंधरा मिनिटांत होतं. पाणीही कमी लागतं. पहिले चार दिवस वरणाचं पार कढण झालं होतं, कारण जुन्या कुकरमध्ये शिट्ट्यांबरोबर उडून जाणारं पाणी इथे उडतच नव्हतं.

झाकणाच्या आतल्या बाजूला एक छोटी जाळीची टोपी असते. ती त्या रविवारनंतर मी काढून धुतली नव्हती. आठवड्याने बघितलं तर आत डाळीचा पिवळा कडक थर. त्याने भोक बंद झालं असतं तर? ती आता रोज ताटांबरोबर धुतली जाते. रबरी रिंगला मटणाचा वास बसतो तो काही केल्या जात नाही. गुढीपाडव्याच्या श्रीखंडाशेजारी मसालेदार वासाची तांदळाची खीर वाढल्यानंतर मी दुसरी रिंग आणली. गोडाची वेगळी.

पण माझी खरी काळजी हीच होती, की मी घरात नसताना आईंना कसं कळणार? वाफेचा आवाज त्यांना येत नाही, यंत्राचं पीं-पीं तर अजिबातच नाही. आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरं. मी त्यांना पाठ करून घ्यायला लागले: आई, आधी हे बटण, मग एवढी मिनिटं थांबा, मग... त्यांनी मध्येच थांबवलं. झाकणावर कळीशेजारी एक बारीक खिळ्यासारखी दांडी असते. दाब भरला की वर येते, उतरला की आत बसते, आणि ती वर असेपर्यंत झाकण फिरत नाही. आईंनी ती दोन दिवस चष्मा लावून नीट बघितली होती. "हा मणी वर असला की गरम, बसला की झालं. एवढंच ना?"

एवढंच. पुस्तिकेची चाळीस पानं आणि माझं व्याख्यान त्या एका वाक्यात संपलं. झाकण उघडताना पलीकडची कड आधी उचलायची, म्हणजे उरलेली वाफ तोंडावर येत नाही, हे त्यांना मी सांगायची गरज नव्हती. पातेल्यावरचं झाकण त्या साठ वर्षं तसंच उचलतायत. मला फक्त कळ त्यांच्या बाजूला न येऊ देता खिडकीकडे वळवून ठेवायची असते, ते मी निघताना बघते. दुपारी फोन केला की विचारते, "मणी बसला का?" नवराही आता तसंच विचारतो.

मागच्या शनिवारी राजमा लावलेला असताना लाइट गेली. पडदा काळा. मुलगा म्हणाला, बंद पडलाय, उघडून गॅसवर ठेवू. झाकणाला हात घालणार तोच आई खुर्चीतून म्हणाल्या, "अरे, लाइट गेली म्हणून वाफ जाते का? मणी बघ आधी." मणी वर होता. मग आम्ही तिघं अंधाऱ्या स्वयंपाकघरात मोबाइलचा टॉर्च झाकणावर धरून बसलो. अठ्ठावीस मिनिटं लागली. टक् असा बारीक आवाज झाला, तो मुलाला आणि मला ऐकू आला. पण "बसला" हे आईच आधी म्हणाल्या.