पायांना कशाला एवढा थाट?

आमच्या बैठकीत बसलेला माणूस चहा येईपर्यंत गप्प असतो. चहा आला की खाली, पाय ठेवायच्या ठेंगण्या स्टुलाकडे बघतो आणि विचारतो, “हे पाय ठेवायला आहे होय? एवढं जुनं, कोरीव लाकूड?” आणि पाय आणखी मागे ओढून घेतो. तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून एकदाचं सविस्तर सांगते.

पाय ओढून घेण्यामागचं कारण मला कळतं. आपल्या घरात जमिनीलगतचं लाकूड म्हणजे पाट, नाहीतर चौरंग. पाटावर जेवायला बसायचं, चौरंगावर सत्यनारायण मांडायचा. चुकून पाय लागला तर हात आपोआप कपाळाला जातो. ही सवय मला मोडायची नाही. म्हणून आमच्याकडे वाटणी पक्की आहे: चौरंगाला पाय लागणार नाही आणि पायाच्या स्टुलावर नैवेद्याचं ताट ठेवलं जाणार नाही. हल्ली सजावटीच्या फोटोंमध्ये अशा स्टुलावर पुस्तकं, मेणबत्ती, ट्रे असं काय काय रचलेलं दिसतं. मला ते अजिबात पटत नाही. पायांसाठी मुद्दाम गादी भरून केलेल्या वस्तूवर फुलदाणी ठेवायची आणि पाय मात्र लोंबकळत सोडायचे!

शिवाय हे साहेबी खूळ आहे असंही नाही. आपल्या जुन्या शिल्पांत आसनावर बसलेल्या देवाचा एक पाय दुमडलेला आणि दुसरा खाली सोडलेला असतो, आणि त्या सोडलेल्या पायाखाली बऱ्याचदा छोटं पीठ किंवा कमळ कोरलेलं असतं. इजिप्तमध्ये तुतनखामेनच्या थडग्यात पाय ठेवायची स्टुलं सापडली, त्यांवर बांधलेल्या शत्रूंची चित्रं आहेत. राजा बसला की शत्रू पायाखाली. आमच्या स्टुलांवर नुसती वेलबुट्टी आहे, तेव्हा पाहुण्यांनी बिनधास्त पाय ठेवावेत.

आता जुनंच का? उत्तर उंचीत आहे. दुकानात मिळतो तो पुफ किंवा ऑटोमन 16 ते 18 इंच उंच, म्हणजे सोफ्याच्या बरोबरीचा. तो पाय लांब करून टीव्ही बघणाऱ्यांसाठी. (तोसुद्धा सोफ्यापेक्षा इंचभर बुटकाच घ्यावा.) मला हवं असतं ते 4 ते 7 इंचांचं ठेंगणं स्टूल, आणि ते आता फारसं कुणी करत नाही. इंग्लंडात 19व्या शतकात अशा स्टुलांची चलती होती, कारण तिथे जमीन गार, दाराच्या फटीतून येणारा वारा जमिनीलगत फिरणारा. शेकोटीपुढे बसूनही पावलं गारठायची. पावलं चार बोटं वर उचलली की काम भागायचं. इकडे आलेल्या साहेबाला ती अडचण नव्हती. त्याने लांब हातांची आरामखुर्ची घेतली आणि पाय त्या हातांवरच टाकले. म्हणून डाकबंगल्यातल्या सामानात ती खुर्ची हमखास दिसते, ठेंगणं स्टूल क्वचित.

सोलापुरात पारा 42-43 अंशांवर गेला की शहाबादी फरशीला तळवे लावून बसण्यासारखं सुख नाही. त्या दिवसांत आमची स्टुलं दिवाणाखाली जातात. संक्रांतीला, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेच्या सुमाराला, तीच फरशी सकाळी तळव्यांना बोचते. मग सगळी बाहेर येतात.

एक मात्र बारा महिने वापरात असतं, आणि ते आमच्या घरात नाहीच. ते शेजारच्या अव्वांकडे, म्हणजे आजींकडे आहे. त्यांचं आयुष्य मांडीवर सूप घेऊन बिड्या वळण्यात गेलं; या शहरात तसं कितीतरी बायकांचं गेलं. आता गुडघे दुमडत नाहीत, डॉक्टरांनी जमिनीवर बसायचं बंद केलं. मुलाने खुर्ची आणली. पण खुर्ची करणाऱ्याच्या डोळ्यांपुढे साडेपाच फुटी पुरुष असतो. बैठक जमिनीपासून 18 इंचांवर, आणि अव्वा पाच फुटांच्या आत. पाय टेकवायला त्या पुढे सरकून कडेवर बसायच्या, म्हणजे पाठ अधांतरी. मागे सरकल्या की पाय अधांतरी, मांडीखाली कड रुतायची आणि संध्याकाळी घोटे सुजायचे. मी 4 इंचांचं स्टूल नेऊन पायाखाली सरकवलं. “नको गं, देवाचं असंल,” म्हणाल्या. देवाचं नाही, पायांचंच आहे, हे पटवायला जरा वेळ लागला. त्यानंतर ते परत मागायची माझी हिंमत झाली नाही.

हे सापडतं कुठे, हा पुढचा प्रश्न असतोच. वाडे पाडून अपार्टमेंट झाली. 1877 साली सुरू झालेली ‘जुनी मिल’ ही कापडगिरणी गेली, मागोमाग बाकीच्या मोठ्या गिरण्याही बंद पडल्या. घरांतलं आणि बंगल्यांतलं लाकडी सामान भंगारात आलं आणि भंगारातून दुकानात. दुकानात आलं की त्याला ‘अँटिक’ म्हणतात. व्यवहारात शंभर वर्षांपुढचं ते अँटिक, अलीकडचं ते विंटेज. पण भाव सांगताना हा फरक कुणी पाळत नाही.

मी घेताना स्टूल आधी उलटं करते. विकणारा वरच्या नक्षीबद्दल बोलत असतो, आपण खाली बघावं. पॉलिश न लावलेलं लाकूड वर्षानुवर्षांच्या हवेने काळपट होतं, पण सगळीकडे सारखं नाही. एकसारखा तपकिरी रंग दिसला तर तो डब्यातला. चौफुलीच्या खाचेचा स्क्रू 1930 च्या दशकानंतरचा, म्हणजे निदान दुरुस्ती तरी अलीकडची. गादीच्या कडेने खिळ्यांची जुनी भोकं मोजा: जितक्या ओळी, तितक्यांदा कापड ठोकलंय. कापड जीर्ण पण खाली भोकांची एकच ओळ, तीही ताजी, असं असेल तर कुणीतरी जुनं कापड नव्या सांगाड्यावर ठोकलंय.

किड्याची भोकं पाहून घाबरू नका, जुनीही असतात. आठवडाभर खाली पांढरा कागद अंथरून ठेवा. पिठासारखी पूड पडली तर किडा अजून आत जेवतोय, ते लाकूड घरातल्या इतर लाकडापासून लांब ठेवा. सागाच्या गाभ्याला कीड सहसा लागत नाही, बाहेरच्या पांढुरक्या भागाला लागते. मात्र पृष्ठभागावर भोकांऐवजी आडवे पोखरलेले चर दिसले तर जुनी फळी नव्याने कापून वस्तू बनवली आहे. किडा वरून चर पाडत चालत नाही.

पॉलिश ओळखायचं तर आतल्या बाजूला स्पिरिटचा बोळा घासावा. विरघळून चिकट झालं तर चपड्या लाखेचं पॉलिश. ते खरवडू नका. खरवडून चकचकीत केलेलं जुनं स्टूल बघवत नाही. आणि काही झालं तरी वैशाखाच्या उन्हात वाळवायला ठेवू नका, आमच्या इकडचं ऊन सांधे उकलून टाकतं.

कापडाबद्दल माझा हट्ट आहे. मूळ भरतकाम किंवा घोड्याच्या केसांची गादी धड असेल तर तिला हात लावत नाही. फाटलेलंच असेल तर वर मांजरपाटाचा थर आणि त्यावर विरलेल्या सोलापुरी चादरीचा चांगला तुकडा. तिची जॅकार्ड मागावरची वीण घट्ट, सुती, टाचांचं घासणं सोसते. मखमल दिसते छान, पण तीवर भेगाळलेली टाच अडकते, हे मखमल निवडणाऱ्या कुणाच्या लक्षातच येत नाही.

परदेशातले नातेवाईक विचारतात, एखादं बॅगेत घालून देता का? 1972 च्या पुरावशेष कायद्याने शंभर वर्षांपुढच्या कलाकुसरीच्या वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाहीत, तेव्हा वयाचा भरवसा नसलेलं काही मी देत नाही. गावातल्यांनी मात्र खुशाल यावं. येताना खुर्चीची उंची इंचांत मोजून आणि जुन्या चादरीचा तुकडा घेऊन या, पितळी खिळे माझ्याकडे आहेत.