सोलापुरात थिअरीची कॉन्फरन्स भरवायची तर

सिद्धता तपासायला वेळ लागतो. थिअरेटिकल कॉम्प्युटर सायन्सच्या (संगणकाला काय आणि किती वेगाने सोडवता येतं, याच्या गणिताच्या) कॉन्फरन्सचं सगळं वेळापत्रक या एका गोष्टीभोवती बांधावं लागतं, आणि नेमकी तीच सुरुवातीला कुणाच्या डोक्यात नसते. हॉल कुठला, बॅनर केवढा, उद्घाटनाला कोण, यावर तीन-तीन बैठका होतात. पेपर कोण वाचणार आणि किती दिवसांत, हे मात्र घाईत उरकलं जातं.

हिशोब साधा आहे. ६० पेपर आले आणि प्रत्येकाला तीन रिव्ह्यू धरले, तर १८० रिव्ह्यू. पेपर निवडणाऱ्या प्रोग्राम कमिटीत २० जण असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला ९ पेपर. पेपर पंधरा पानांचा असतो, पण खरी सिद्धता मागच्या पंचवीस-तीस पानांच्या परिशिष्टात असते. ‘हे सहज दिसतं’ असं लिहिलेली एक ओळ स्वतः पडताळून पाहण्यात अख्खी दुपार जाते. शिकवणं, पेपर तपासणी, पीएचडीचे विद्यार्थी हे सगळं सांभाळून नऊ पेपर वाचायचे तर सहा आठवडे द्यायलाच हवेत. त्यावर कमिटीच्या चर्चेला दोन आठवडे. यापेक्षा कमी वेळ दिला की रिव्ह्यू येतात, पण ते फक्त प्रस्तावना वाचून लिहिलेले असतात. चुकीचं प्रमेय स्वीकारलं जाण्याचं हे एक मोठं कारण आहे.

आता तारीख. सोलापुरात एप्रिल-मेचा विचारच नको. पारा चाळिशीच्या वर असतो. जानेवारीत संक्रांतीच्या आसपास सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा असते, तेव्हा शहरात खोली मिळणं अवघड आणि रस्तेही बंद. डिसेंबरचा पहिला आठवडा मला सर्वांत योग्य वाटतो. एफएसटीटीसीएस ही आपल्या देशातली या विषयाची जुनी कॉन्फरन्स १९८१ पासून दर डिसेंबरला भरते. तिच्यासाठी बाहेरदेशांतून येणारे पाहुणे आठवडाभर आधी आले तर सोलापूर त्यांच्या वाटेवर ठेवता येतं. फक्त विद्यापीठाच्या हिवाळी परीक्षांचं वेळापत्रक पाहूनच हॉल पक्का करा. परीक्षेचं केंद्र आलं की आधी दिलेला हॉलही काढून घेतला जातो, आणि लग्नसराईत ऐनवेळी दुसरा मिळत नाही.

७ डिसेंबरला सुरुवात धरून उलटं मोजत या. रेल्वेचं आगाऊ आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवसांवर आलं आहे, म्हणजे ६ डिसेंबरला पोहोचणाऱ्यांचं बुकिंग ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात उघडतं. त्याच्या निदान दहा दिवस आधी, २५ सप्टेंबरपर्यंत, निकाल लेखकांच्या हातात हवा. त्यांना संस्थेकडून प्रवासाची मंजुरीही घ्यायची असते. तिथून दहा आठवडे मागे गेलं की पेपर देण्याची तारीख जुलैच्या मध्यावर येते. आठ आठवड्यांची गरज असताना दहा का? मध्ये गणपती येतात. अंतिम प्रतीची तारीख दिवाळीच्या आठवड्यात ठेवू नका. त्या आठवड्यात कुणीही फाइल पाठवत नाही आणि पाठवली तरी उघडायला इकडे कुणी नसतं.

डेडलाइनची वेळ हा वेगळाच विषय. जगभर ‘एनीव्हेअर ऑन अर्थ’ अशी वेळ लिहिण्याची पद्धत आहे, म्हणजे पृथ्वीवर कुठेही ती तारीख शिल्लक असेपर्यंत. ही वेळ आपल्यापेक्षा साडेसतरा तासांनी मागे आहे. १५ जुलै रात्री ११:५९ लिहिलं असेल तर आपल्याकडे ती १६ जुलैची संध्याकाळ, ५:२९. कॉलेजच्या सिस्टीमवाल्याला फक्त ‘पंधरा तारीख’ सांगितली तर तो पंधराच्या मध्यरात्री फॉर्म बंद करतो, आणि शेवटच्या दिवशीच येणारे निम्मे पेपर बाहेर राहतात. दोन्ही वेळा लिहून द्या. पेपर आणि रिव्ह्यू गोळा करणाऱ्या प्रणालींपैकी हॉटसीआरपी कॉलेजच्या सर्व्हरवर बसवता येतं, ईझीचेअर तयारच मिळतं. स्वतःच्या सर्व्हरवरून पत्रं पाठवणार असाल तर ती स्पॅममध्ये जात नाहीत ना, हे जूनमध्येच चार-पाच निरनिराळ्या पत्त्यांवर पाठवून तपासा.

रिव्ह्यूमध्ये काही गोष्टी हमखास होतात. भारतात या विषयात काम करणारे मोजके. टीआयएफआर, आयएमएससी, सीएमआय, आयआयटी अशा मोजक्या संशोधन संस्थांतले लोक एकमेकांचे सहलेखक, गुरू किंवा विद्यार्थी असतात. त्यामुळे हितसंबंधांची नोंद पेपर वाटण्याआधी करून घ्या, नंतर नाही. ‘पी बरोबर एनपी’ किंवा ‘बरोबर नाही’ (ज्याचं उत्तर पटकन तपासता येतं, ते पटकन शोधताही येतं का, हा प्रश्न) सिद्ध केल्याचा एखादा पेपर येतोच. १९७१ पासून हा प्रश्न उघडा आहे म्हणून तो न वाचता परत पाठवू नये. एका सदस्याने पहिली चुकीची पायरी शोधावी आणि ती नेमकी कुठे आहे ते दोन ओळींत कळवावं. लिहिणाऱ्याने महिने घातलेले असतात. त्याला तेवढा मान द्यावाच. सिद्धतेत पोकळी सापडली, पण ती भरता येईल असं वाटलं, तर लेखकाला थेट प्रश्न विचारून आठवड्याची मुदत द्या. साम्य मोजणारं सॉफ्टवेअर या कामात जवळजवळ निरुपयोगी आहे. ते शब्द पकडतं. प्रमेय दुसऱ्याचं आहे का, हे माणसालाच ओळखावं लागतं.

प्रोसिडिंग्जचा, म्हणजे कॉन्फरन्समधले पेपर एकत्र प्रकाशित करण्याचा मोह पहिल्या वर्षी टाळावा असं माझं ठाम मत आहे. एफएसटीटीसीएसचे पेपर २००८ पासून जर्मनीतल्या श्लॉस डागश्टूलच्या लिपिक्स मालिकेत सर्वांना मोफत वाचायला मिळतात. पण त्या मालिकेसाठी अर्ज करावा लागतो, त्यांचं संपादक मंडळ तपासतं, आणि नव्या कॉन्फरन्सने लगेच ती आशा धरू नये. पैसे घेऊन आयएसबीएन देणाऱ्यांच्या वाटेला तर जाऊच नका; तिथे छापलेला चांगला पेपर वाया जातो, कारण लेखकाला तो दुसरीकडे देता येत नाही. त्यापेक्षा स्वीकारलेले पेपर आर्काइव्ह (arXiv) या सर्वांना मोफत वाचता येणाऱ्या संकेतस्थळावर ठेवा आणि यादी आपल्या पानावर लावा.

परदेशी वक्ते येणार असतील तर कॉन्फरन्स व्हिसासाठी गृह मंत्रालयाची इव्हेंट क्लिअरन्स लागते, आणि सरकारी संस्थांना परराष्ट्र मंत्रालयाची परवानगीही. हे कागद वक्त्याला निमंत्रणपत्राबरोबर जोडावे लागतात. अर्ज तीन महिने आधी गेला नाही तर पाहुणा येत नाही.

कार्यक्रम आखताना वीस पेपर, प्रत्येकी २५ मिनिटं, म्हणजे ८ तास २० मिनिटं. चार निमंत्रित व्याख्यानं, एकेक तासाची. एकूण १२ तास २० मिनिटं. तीन दिवसांत वाटलं तर रोज चार तासांहून थोडंच जास्त. हा मोकळा वेळ पाहून कुणीतरी ‘अजून दहा पेपर घेऊ’ म्हणेल. घेऊ नका. थिअरीतलं निम्मं काम चहाच्या टेबलाशी होतं. दोन सत्रांमध्ये चाळीस मिनिटं सोडा. चहाच्या जागेजवळ एक फळा ठेवा. उद्घाटन वीस मिनिटांत संपवा, सत्काराचे हार-शाली नकोत.

फळ्याबद्दल थोडं सविस्तर. निमंत्रित व्याख्यानं काही जण खडूनेच देतात, कारण सिद्धता लिहिण्याच्या वेगानेच ऐकणाऱ्याला समजते. पांढऱ्या बोर्डावरचं मार्करचं लिखाण मागच्या रांगेतून वाचता येत नाही. फळा आठ फूट उंच ठेवून उपयोग नाही, रुंदी हवी. दोन सरकते फळे असतील तर उत्तम, कारण आधीचं लेमा (मोठ्या सिद्धतेतलं छोटं प्रमेय) पुसायला लागत नाही. ट्यूबलाइट फळ्याच्या अगदी समोर असेल तर मधल्या पट्ट्यात नुसती चमक दिसते. आदल्या संध्याकाळी मागच्या कोपऱ्यात बसून पाहा आणि तेवढी ट्यूब बंद करा. ओल्या फडक्याने पुसलेला फळा पाच मिनिटं लिहिण्याजोगा राहत नाही, म्हणून सत्राच्या मध्ये कोरडा डस्टर, ओलं फडकं फक्त चहाच्या वेळी. वीज गेली तर फळा चालूच राहतो, प्रोजेक्टर नाही.

येण्याजाण्याची सोय इथे बरी आहे. पुण्याहून चारेक तास, मुंबईहून रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस, चेन्नई आणि बेंगळुरूकडून मुंबईला जाणाऱ्या गाड्याही सोलापूरवरून जातात. मुंबईहून दुपारी निघणारी वंदे भारत रात्री साडेदहाच्या पुढे पोहोचते, तेव्हा वसतिगृहाच्या वॉचमनला पाहुण्यांची यादी द्या. नळाला रोज पाणी येतंच असं नाही. साठ माणसं उतरणार असतील तर टाकी किती लिटरची हे आधी विचारा.

जेवणात एका गोष्टीची काळजी फार. सोलापुरी ताटात शेंगदाणा सगळीकडे असतो: शेंगा चटणी, शेंगापोळी, भाजीतलं कूट. नोंदणीच्या फॉर्ममध्ये शेंगदाण्याच्या अ‍ॅलर्जीचा प्रश्न वेगळा विचारा आणि अशा पाहुण्यांचं जेवण वेगळ्या भांड्यांत करायला आचाऱ्याला स्वतः सांगा. हुरड्याचं आमंत्रण छापू नका. डिसेंबरच्या सुरुवातीला ज्वारी अजून भरलेली नसते. भेट द्यायची तर चादरीपेक्षा सोलापुरी टॉवेल बरा, विमानाच्या बॅगेत बसतो.

शेवटच्या दुपारी दोन तास ‘उघडे प्रश्न’ ठेवा. ज्याला प्रश्न मांडायचा त्याने पाच मिनिटांत फळ्यावर मांडावा: काय माहीत आहे, कुठे अडलं आहे. प्रत्येक प्रश्नानंतर फळा पुसण्याआधी एका विद्यार्थ्याने फोटो काढावा, मांडणाऱ्याचं नाव लिहावं, आणि लोक गाडीत बसायच्या आत ते सगळ्यांना पाठवून द्यावेत.