नाव तिकडे, पोर इकडे

सव्वीस दिवस! चौथीतल्या एका मुलीचं नाव दुसऱ्या शाळेच्या ऑनलाइन यादीतून सुटून आमच्या यादीत यायला एवढे दिवस लागले. 15 जूनला शाळा उघडली, नाव आलं 10 जुलैला. अजून आठवलं की डोकं तापतं.

आमची जिल्हा परिषदेची शाळा बीड जिल्ह्यात, वडवणीच्या डोंगरपट्ट्यात. दोन शिक्षक, पहिली ते चौथी. गावातली निम्मी घरं दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला जातात आणि कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की परततात. त्यामुळे जूनमधलं आमचं खरं काम म्हणजे तुटलेली सवय पुन्हा लावणं. प्रवेशोत्सव छान झाला. बैलगाडीतून मिरवणूक, पहिलीच्या मुलांच्या पावलांचे कुंकवाचे ठसे, हातात नवी पुस्तकं. आठवडाभरात बहुतेक मुलं बसती झाली.

ही मुलगी दोन वर्षं आईबापाबरोबर पश्चिम महाराष्ट्रात कारखान्याजवळ राहिली, दुसरी-तिसरी तिकडेच शिकली. यंदा तिला आजीकडे ठेवलं. 16 तारखेला मी घरोघरी फिरत होते तेव्हा ती शेळ्यांमागे होती. आजी म्हणाली, "बाई, दाखला मिळंस्तोवर दुसऱ्या साळंत घेत न्हाईत म्हनं. मग कशाला धाडू?"

हे साफ चुकीचं आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 5 प्रमाणे दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. उलट दाखला लांबवणाऱ्या मुख्याध्यापकावर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. मी आजीला म्हटलं, "कागदाचं मी बघते, तुम्ही पोरगी धाडा."

दुसऱ्या दिवशी ती आली. आमच्याकडे हजेरी मुलंच पुकारतात, पाळीपाळीनं. त्यासाठी तरी मुलं वेळेवर येतात, हा उपाय जरूर करून बघा. चौथीची नावं संपली. तिनं हात अर्धा वर केलेला होता, तो तसाच राहिला, आणि ती माझ्याकडे बघत होती. मी पत्रक मागून घेतलं, शेवटच्या ओळीवर पेनानं तिचं नाव लिहिलं आणि पुकारणाऱ्या मुलाला म्हटलं, "पुन्हा घे." ती "हजर" म्हणाली ते जेमतेम ऐकू आलं.

आता अडलं कुठे ते सांगते. युडायस प्लस म्हणजे शाळांची आणि मुलांची नोंद ठेवणारी सरकारी वेबसाइट. तिथे जुन्या शाळेनं मुलाचं नाव ड्रॉपबॉक्समध्ये, म्हणजे शाळा सोडलेल्यांच्या यादीत, टाकायचं असतं. मग पेन क्रमांक (प्रत्येक मुलाचा कायमचा शिक्षण क्रमांक) आणि जन्मतारीख टाकून आपण ते ओढून घेतो. त्यांनी टाकलं नाही, तर आपण रिलीज रिक्वेस्ट, म्हणजे नाव सोडा अशी ऑनलाइन विनंती, पाठवायची. मी ती 17 जूनलाच पाठवली. चार दिवस काही नाही. फोन केला, तर "सर मीटिंगला गेलेत." पुन्हा केला, "साइट चालत नाही." तिसऱ्यांदा, "ओटीपी सरांच्या मोबाईलवर जातो, ते रजेवर आहेत." शेवटी सर स्वतः भेटले आणि शांतपणे म्हणाले, "मॅडम, 30 सप्टेंबरचा पट होऊ द्या, मग सोडतो."

म्हणजे साइट चालत होती! संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शाळेची शिक्षकपदं ठरतात त्यात, एक आकडा कमी होऊ नये म्हणून हे सगळं चाललं होतं. शिक्षकाचं पद जाण्याची भीती मला कळते, आमच्याही शाळेवर ती टांगती असतेच. पण मूल इथे बसलेलं असताना त्याचा पट तिथे दाखवणं मला कधीच पटणार नाही.

तो फोन ठेवला आणि पत्र लिहिलं. मुलगी कोणत्या तारखेपासून आमच्याकडे हजर आहे ते, कलम 5 चा उल्लेख, जावक क्रमांक, पाल्य आपल्याजवळ राहते असा आजीचा अंगठा असलेला अर्ज. मूळ पत्र रजिस्टर पोस्टानं, प्रती दोन्हीकडच्या केंद्रप्रमुखांना आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांना. मग मात्र हालचाल झाली. तोंडी विनवण्यांत मी दोन आठवडे घालवले, तुम्ही घालवू नका. दुसऱ्या फोनलाच पत्र काढा.

आणखी एक राहिलं. पालकांकडून जुन्या प्रगतिपुस्तकाचा फोटो पहिल्याच दिवशी मागवा. माझी पहिली रिक्वेस्ट जन्मतारखेत एक आकडा चुकल्यामुळे गेलीच नव्हती, ती मला त्याच संध्याकाळी पुन्हा करावी लागली. पुस्तकांचंही तसंच. ती आधीच्या पटावर येतात, त्यामुळे आयत्या वेळी आलेल्या मुलाला संच उरत नाही. गेल्या वर्षी चौथी पास झालेल्या मुलाकडून मी तिच्यासाठी पुस्तकं आणली, रात्री बसून कव्हरं घातली. नव्या मुलाला वर्गात लगेच काहीतरी काम द्या. हिला मी खिचडीच्या वेळी पहिलीच्या मुलांचे हात धुवायला उभं केलं. तिसऱ्या दिवशी पहिलीतली दोन पोरं तिला न्यायला तिच्या दारात उभी!

10 जुलैला दुपारी स्क्रीनवर तिचं नाव आमच्या चौथीत दिसलं. माझ्या पत्रकात ते 17 जूनपासून होतंच. मधे एकच खाडा, तोही तापामुळे.