रॉयालचे तीन गिऱ्हाईक आणि एक लिमुझिन

फ्रान्समधला मोटारगाड्यांचा कारखानदार एत्तोरे बुगाटी याने टाइप 41 ही गाडी, म्हणजेच ‘रॉयाल’ (राजेशाही), पंचवीस काढायच्या ठरवल्या होत्या. झाल्या सहा, आणि गिऱ्हाइकांनी नव्या विकत घेतल्या त्या तीनच. नाव रॉयाल असलं तरी त्या तिघांत राजा एकही नव्हता. आर्मांड एस्डर्स हा फ्रान्समधला तयार कपड्यांचा कारखानदार, योसेफ फुक्स हा जर्मन प्रसूतितज्ज्ञ आणि कॅप्टन कथबर्ट फॉस्टर हा इंग्रज, ज्याला आईकडून बॉस्टनमधल्या एका मोठ्या डिपार्टमेंट स्टोअरचा वारसा मिळाला होता.

त्या काळी एवढ्या महाग गाडीची कंपनी चासी विकायची, म्हणजे इंजिन, गिअर, चाकं आणि पुढचं रेडिएटर. बॉडी कोणाकडून आणि कशी करून घ्यायची हे मालक ठरवायचा, त्यामुळे बॉडीवरून माणूस कळतो. एस्डर्स रात्री गाडी चालवत नसे, म्हणून त्याच्या दोन सीटच्या उघड्या गाडीला हेडलाइटच बसवले नाहीत. फुक्सने म्युनिकच्या वाइनबर्गर या बॉडी बनवणाऱ्याकडून टप उघडणारी कॅब्रिओले करून घेतली. फॉस्टरने 1933 मध्ये चासी नंबर 41131 घेतली आणि लंडनच्या पार्क वॉर्ड या बॉडी बनवणाऱ्या कंपनीकडे लिमुझिन सांगितली.

रॉयालचे चाहते या लिमुझिनला जरा नाकं मुरडतात. उंच छप्पर, उभ्या काचा, सरळ पाठ, एत्तोरेचा मुलगा जाँ बुगाटी याच्या वळणदार रेषांपुढे ती पोक्त दिसते हे खरं. पण चासीचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, 4.3 मीटर आणि पुढचा बराच भाग नुसतं बॉनेट. एवढ्या लांबीच्या गाडीत मागे ताठ बसता यावं, टोपी न काढता आत शिरता यावं, ड्रायव्हर आणि मालक यांच्यात काच असावी, तर छप्पर उंचच लागतं. माझ्या मते या चासीचा खरा उपयोग तिघांत फॉस्टरलाच कळला होता.

इंजिनाचा आकार नुसत्या आकड्यांतूनही जाणवतो. ओळीत आठ सिलिंडर, बोअर (सिलिंडरचा व्यास) 125 मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) 130 मिमी, मिळून 12,763 सीसी. एका सिलिंडरचेच जवळपास 1,595 सीसी भरतात. बुगाटीच्याच टाइप 40 चं अख्खं चार सिलिंडरचं इंजिन याहून लहान, 1,496 सीसीचं. वर व्हॉल्व्ह उघडणारा एकच कॅमशाफ्ट, प्रत्येक सिलिंडरला तीन व्हॉल्व्ह, दोन इनलेट आणि एक एक्झॉस्ट. पिस्टनच्या जोरावर फिरणारा मुख्य दांडा, म्हणजे क्रँक, नऊ मेन बेअरिंगवर फिरतो. गिअर तीनच आणि गिअरबॉक्स मागच्या ॲक्सललाच जोडलेला. ब्रेक केबलचे, पायाचा जोर वाढवणारा सर्व्हो नाही. तीन टनांहून जड गाडी थांबवायला ड्रायव्हरच्या पायात जोर हवा.

खरी अडचण ब्लॉकमध्ये, म्हणजे सिलिंडर असलेल्या इंजिनाच्या मुख्य ओतीव भागात आहे. हेड (सिलिंडरवरचं झाकण) आणि ब्लॉक एकाच ओतीवाचे, म्हणून दोघांमधली पट्टी, म्हणजे हेड गॅस्केट, नाही आणि ती जळायची भीतीही नाही. पण व्हॉल्व्ह ग्राइंडिंग, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याची बैठक (सीट) घासून नीट बसवणं, हे त्या काळी ठरावीक मुदतीने करायचंच काम. साध्या इंजिनात हेडचे बोल्ट सोडले की हेड टेबलावर घेऊन सीट घासता येते. इथे हेड सुटतच नाही. व्हॉल्व्हचं तोंड सिलिंडरच्या आत, त्यामुळे तो खालूनच निघणार, आणि त्यासाठी पिस्टन आणि तो अजस्र क्रँकशाफ्ट आधी बाहेर काढावे लागतात. चोवीस व्हॉल्व्ह घासायचे म्हणजे अख्खं इंजिन खाली घेणं आलं. विकत घेणाऱ्याला मिस्त्रीचा आणि कार्यशाळेचा खर्चही धरूनच चालावं लागे.

दुसरा धोका पाण्याचा. फुक्स जर्मनी सोडून गेला आणि गाडी शेवटी न्यूयॉर्कला पोचली. तिथल्या थंडीत आतलं पाणी गोठून ब्लॉकच तडकला. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं आणि ओतीव लोखंड ताणलं की न लांबता तडकतं. साध्या इंजिनाचा ब्लॉक तडकला तर दुसरा शोधता येतो, पण ही गाडीच जगात सहापैकी एक! जनरल मोटर्सचे इंजिनिअर चार्ल्स चेन यांना ती 1940 च्या दशकात भंगारात सापडली. त्यांनी ती दुरुस्त केली आणि एका कार्ब्युरेटरच्या जागी चार बसवले. आज ती डिअरबॉर्नच्या हेन्री फोर्ड म्युझियममध्ये आहे. जुनी गाडी थंड मुलखात ठेवताना आधी ब्लॉकचा ड्रेन कॉक (पाणी सोडायची तोटी) उघडून पाणी सोडायचं. रेडिएटर रिकामा केला तरी ब्लॉकच्या तळाशी पाणी राहू शकतं.

एस्डर्सच्या गाडीची मूळ बॉडी पुढे उतरवली गेली आणि त्या चासीवर दुसरी चढली. फॉस्टरच्या लिमुझिनचं तसं झालं नाही. 1946 मध्ये लंडनचे बुगाटी विक्रेते जॅक लेमन बर्टन यांनी ती सुमारे 700 पौंडांना घेतली, 1956 मध्ये ती अमेरिकेत जॉन शेक्सपिअर या संग्राहकाकडे गेली आणि पुढे त्याच्या सगळ्या संग्रहाबरोबर फ्रान्सच्या श्लुम्फ बंधू या गाड्यांच्या संग्राहकांकडे आली. मालक बदलले, पार्क वॉर्डची बॉडी तीच राहिली. फ्रान्समधल्या मुलूझ शहरातल्या संग्रहालयात आज ती उभी आहे. रॉयालच्या रेडिएटरवरचा, मागच्या दोन पायांवर उभा राहिलेला हत्ती एत्तोरेचा शिल्पकार भाऊ रेम्ब्रांट याच्या शिल्पावरून घेतलेला.