मुंबई ते टोकियो: किलोमीटर, तास आणि आईच्या गोळ्या

आईला घेऊन ताईकडे टोकियोला जायचं ठरलं. डॉक्टरांनी सकाळ-रात्रीच्या गोळ्यांत बारा तासांचं अंतर राखायला सांगितलं होतं, त्यामुळे प्रवास खरोखर किती तासांचा, हे मला तिकिटाआधी पक्कं हवं होतं.

मुंबई ते टोकियोचा नारिता विमानतळ, हवाई अंतर साधारण ६,८०० किमी. पृथ्वीगोलावर दोरा ताणून धरला तर तो पूर्व हिमालय, तिबेटचा पूर्व भाग आणि सिचुआनवरून जातो. विमानं मात्र शक्यतो तिबेट टाळतात. केबिनमधला दाब गेला तर विमानाला झपाट्याने १०,००० फुटांपर्यंत उतरावं लागतं, आणि तिथे जमीनच सरासरी १४,००० फुटांच्या वर. प्रवाशांच्या मास्कमधला ऑक्सिजन काही मिनिटांपुरताच असतो. म्हणून वाट दक्षिणेकडून, म्यानमार आणि दक्षिण चीनवरून.

थेट विमानाला जाताना आठेक तास लागतात. आमच्या तारखांना ते जमेना, मग मधले थांबे तपासले. सिंगापूरमार्गे बेरीज होते जवळपास ९,३०० किमी, कारण आधी पार विषुववृत्तापाशी उतरून पुन्हा वर चढायचं. बँकॉकमार्गे सुमारे ७,६५०. हाँगकाँगमार्गे ४,३०० आणि २,९५०, म्हणजे ७,२५०च्या आसपास, सरळ वाटेपेक्षा थोडंच जास्त. सत्तरीच्या माणसाला घेऊन जाताना हा फरक मोठा असतो. हाँगकाँग ठरलं, तेही एकाच पीएनआरवर, म्हणजे सामान थेट नारिताला.

तिकिटावरच्या वेळा स्थानिक असतात. रात्री १ला निघून सकाळी ९ला हाँगकाँग, हे वाचून आई म्हणाली, "आठ तास बसून राहायचं?" हाँगकाँगचं घड्याळ आपल्यापुढे अडीच तास, म्हणजे उड्डाण साडेपाच तासांचं. टोकियो साडेतीन तास पुढे. मी एका कागदावर सगळ्या वेळा भारतीय वेळेत उतरवल्या आणि गोळ्यांच्या खुणा त्यावरच केल्या. आईने स्वतःचं घड्याळही नारितापर्यंत बदललं नाही. ही युक्ती मी कुणालाही सांगेन. नारिताहून शहरात पोचायला रेल्वेनेही तासभर लागतो, तो वेळ त्याच कागदावर धरला होता.

हाँगकाँग सोडल्यावर समोरच्या स्क्रीनवर ग्राउंड स्पीड, म्हणजे जमिनीच्या तुलनेतला वेग, ताशी १,१०० किमीच्या पुढे गेला. जानेवारी होता, पाठीमागून जेट स्ट्रीम, म्हणजे खूप उंचावरचा वेगवान वारा, ढकलत होता. हिवाळ्यात जपानवर हे पश्चिमेचे वारे जगात सर्वांत जोरकस असतात. ओइशी वासाबुरो या जपानी शास्त्रज्ञाने १९२०च्या दशकात ताटेनोच्या वेधशाळेतून फुगे सोडून ते मोजले आणि निष्कर्ष एस्परांतो या मुद्दाम घडवलेल्या, मोजक्याच लोकांना येणाऱ्या भाषेत छापले. त्यामुळे बाहेर फारसं कुणाच्या लक्षात आलं नाही, याची मला फार हळहळ वाटते.

परतताना तोच वारा समोरून. थेट विमानालाही साडेनऊ-दहा तास लागतात. आमचा वेग स्क्रीनवर ७५०वर आला आणि हाँगकाँगपर्यंतच पाच तास गेले. हिवाळ्यात परतीचं तिकीट काढताना मधल्या थांब्याला तीन तास तरी ठेवा. व्हीलचेअरची मदत बुक केली असेल तर ती विमान रिकामं झाल्यावरच मिळते, आणि तिथेच अर्धा तास जातो.